पेपरवर उमटलेला डावा पाय

हे सांगायचं मी कितीतरी वर्षं टाळलं. दोनदा लिहून फाडलं. आता अठ्ठ्याहत्तरावं चालू आहे... आणखी टाळलं तर राहूनच जाईल. असल्या गोष्टींवर माझा कधी विश्वास नव्हता. गळ्यात इष्टलिंग, सकाळची पूजा आणि दिवसभर तेलाचा घाणा, एवढाच माझा परमार्थ. तुम्हाला काही पटवून द्यायचा हट्टही नाही. मला फक्त एक खोटं दुरुस्त करायचं आहे.

लातूरला गोलाईच्या पेठेत माझं करडईच्या तेलाचं दुकान होतं. शेजारी रशीदभाईंचं चपलांचं. भिंतीला भिंत लागून. सकाळी त्यांच्या कातड्याचा आणि माझ्या तेलाचा वास असा मिसळायचा, की आजही कुठे नवी चप्पल हातात घेतली तर मला करडई आठवते. एक चहा दोघांत व्हायचा. बशी माझी, कप त्यांचा.

दर दिवाळीआधी ते माझ्या पायाचं माप घ्यायचे. मागच्या वर्षीचं माप त्यांना चालायचं नाही. "अप्पा, माणूस तोच राहतो, पाव बदलत राहतो." पेपर अंथरायचे, मला त्यावर उभं करायचे. आधी उलटा हात लावून पाय बघायचे, अगोदर उजवा, मग डावा. मग कानावरची पेन्सिल जिभेला लावायची, की ती जांभळी उमटायची. टाचेपासून पावलाभोवती ती फिरू लागली की मला गुदगुल्या व्हायच्या.

"हलू नका अप्पा, बैलाची चप्पल होईल."

दुखरी जागा असेल तिथं फुली मारायचे. फुलीची एक टांग लांब, एक आखूड. तिथं कातडं सैल सोडायचं.

एका हिवाळ्यात त्यांचा उजवा पाय दुखायला लागला. मशिदीपर्यंत जाताना दोनदा थांबावं लागे. थांबले की दुखणं कमी होई. पुढे बसल्या जागीही अंगठा ठणकू लागला. पाय गारठून जायचा. बिडी काही सुटत नव्हती. त्यांची बायको, आमच्या भाभी, म्हणाल्या, डॉक्टरला दाखवू. मी म्हणालो, "भाभी, गार पायाला ऊब पाहिजे. नस आखडली हाय, दुसरं काही न्हाई."

पेठेत कुणाची कंबर धरली, गुडघा सुजला, की लोक माझ्या तेलासाठी यायचे. त्याचा मला गर्व होता. तीन आठवडे मी स्वतः करडईचं तेल तापवून त्यांचा पाय चोळला आणि वर तापलेली वीट फडक्यात गुंडाळून ठेवली.

"अप्पा, चटका कळंना मला," ते एकदा म्हणाले.

"म्हणजे गुण यायलाय," मी म्हणालो.

अंगठा काळा पडला तेव्हा दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "पायाची रक्तवाहिनी बंद झालीय. रक्त पोचत नाही अशा पायाला शेक दिला की कातडी भाजते आणि भाजलेलं भरून येत नाही. लवकर आणलं असतं तर वाहिनी उघडायचा प्रयत्न केला असता. शेक कुणी दिला?"

मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. रशीदभाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"मीच दिला, साहेब. ऐकलं न्हाई कुणाचं."

गुडघ्याखाली पाय गेला. सगळी पेठ म्हणाली, रशीदच्या हट्टानं रशीदचा पाय गेला. मी मान डोलावली. मग त्यांच्या दुकानाकडे बघणंच सोडलं. पुढे घाणा बंद करून नांदेडला, विष्णुपुरीला मुलाकडे आलो. ते गेल्याचं फोनवर कळलं. मी मातीला गेलो नाही.

तीन वर्षांपूर्वी माझा डावा पाय दुखू लागला. शुगर जुनी आहे. आधी चालताना पोटरी, मग पडल्या पडल्या अंगठा. पाय खाटेखाली लोंबता सोडला की जरा बरं वाटे. मला कळलं होतं हे काय आहे. पण दवाखाना म्हटलं की तोच प्रश्न कानात... वाटायचं, त्यांचा गेला, माझाही जाऊ दे. सूनबाई म्हणाली, "मामा, पाय किती गार पडलाय, गरम तेलानं शेकते." मी नको म्हणालो नाही.

दुपारची वेळ. चादरीला तेल लागू नये म्हणून तिने त्या दिवशीचा पेपर माझ्या पायाखाली घातला आणि तेल तापवायला आत गेली. मी डोळे मिटले. उजव्या पायाला उलटा हात लागला. मग डाव्याला... तिथं तो जरा रेंगाळला. वाटलं, सूनबाईच. मग टाचेपासून गुदगुल्या सुरू झाल्या. सवयीने मी पाय स्थिर धरला. अंगठ्यापाशी ते थांबलं.

डोळे उघडले तर कुणी नाही. सूनबाई वाटी घेऊन आतून येत होती. "मामा, हे कुणी काढलं?"

पेपरवर माझ्या डाव्या पावलाची जांभळी रेघ होती. अंगठ्यापाशी फुली.

"ते तेल ठेव," मी म्हणालो. "शेक नको. मला दवाखान्यात ने."

डॉपलर तपासणी झाली, अँजिओग्राफी झाली, जांघेतून फुगा घालून वाहिनी उघडली. नख गेलं, पाय राहिला. "शेकला नाहीत हे बरं केलं," डॉक्टर म्हणाले. मुलगा म्हणतो, अर्धवट झोपेत तुम्हीच काढलं असेल. असेलही. पण तसली पेन्सिल आमच्या घरात नाही, आणि माझा हात माझ्या टाचेला पोचून दहा वर्षं झालीत. यापुढे मला काही सांगता येत नाही.

चालता यायला लागल्यावर तो पेपर घेऊन लातूरला गेलो. बसमध्ये सगळा वेळ एकच वाक्य घोकत होतो. भाभींनी चहा ठेवला. बोळात पाय ठेवल्यापासून त्या माझ्या चपलांकडेच बघत होत्या. "रेडिमेड घेतली का, अप्पा? ते नेहमी म्हणायचे, अप्पाचं माप राहिलं."

मी पेपर पुढे केला. त्यांनी फुलीवरून बोट फिरवलं. "हे त्यांच्याच हातचं हाय. एक टांग लांब. तुम्हाला कधी काढून दिलं?"

तिथंच बोलायचं होतं. चहा संपला, बशी उचलली गेली, मी "येतो भाभी" म्हणून उठलो. तेव्हा जे म्हणता आलं नाही ते इथं लिहितो...

रशीदभाई, डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी तिथंच उभा होतो. शेक मी दिला होता. मला माफ करा.