अढीच्या खोलीतला ड्रम

निर्णय घेणं हा माणसाने अगदीच निरुपाय झाल्यावर करायचा प्रकार आहे, असं मानणारा आमच्या मेव्हण्यांसारखा दुसरा गृहस्थ अख्ख्या रत्नागिरीत सापडायचा नाही. माझ्या बायकोचे हे थोरले भाऊ मांडवीला राहतात. शाळेत भूगोल शिकवायचे, आता निवृत्त झालेत. बाजारात सुरमई निवडायला उभे राहिले, की कोळीण तोवर बाकीची टोपली विकून मोकळी होते. एकदा ती वैतागून म्हणालीच, "ओ मास्तर, मासा घ्यायचा हाय, सोयरीक नाय जुळवायची!"

तर असा माणूस घरच्या घरी रॉकचं गाणं रेकॉर्ड करायला निघाला. मुंबईला कॉलेजात असताना ते एका बँडमध्ये ड्रम वाजवत. तेव्हा रचलेलं एक गाणं तसंच राहून गेलं होतं, ते एकदा पुरं व्हावं एवढीच त्यांची इच्छा. गिटारचा भाग त्यांनी कधीच रेकॉर्ड करून ठेवला होता. घोडं अडलं ते ड्रमपाशी. खरा ड्रम घ्यावा, तर चिऱ्याच्या भिंती आवाज परत अंगावर फेकतात, शिवाय शेजारी आहेतच. इलेक्ट्रॉनिक घ्यावा, तर जाळीच्या गोल तबकड्यांवर काठ्या मारायच्या, आवाज वायरीतून थेट कॉम्प्युटरमध्ये आणि बाहेर नुसती टकटक. तिसरा मार्ग म्हणजे ड्रम कॉम्प्युटरलाच वाजवू द्यायचा. त्यावर ते म्हणाले, "मग मी काय नुसती पानं वाढू?"

खोली ठरवण्यासाठी ते घरभर टाळ्या वाजवत हिंडले. टाळी यांची, निकाल वहिनींचा. "घुमली?" "घुमली." "आता?" "आताही." माजघरात टाळी, न्हाणीघरात टाळी. दारात आलेल्या पोस्टमनने आरती चाललीय असं समजून चपला काढल्या. शेवटी अढीच्या खोलीत, जिथे पेंढ्यात आंबे पिकत घातले होते, टाळी जागच्या जागी विरली. मेव्हणे हरखले. वहिनी म्हणाल्या, "माझ्या आंब्यांच्या उशाशी ढोल बडवलात तर बघा हां!"

इलेक्ट्रॉनिकच घ्या, असं सगळ्यांचं मत पडलं. माझंही तेच होतं. म्हणून मीच त्यांना कोल्हापूरला एका दुकानात घेऊन गेलो. हेडफोन लावून ते वाजवायला बसले. आवाज वाढवला, पुन्हा वाढवला. हेडफोनमधून झिरपणारा धडधडाट आम्हाला बाहेर ऐकू यायला लागला, तरी यांचा हात बटणावरच. मग त्यांनी काठ्या हळूच खाली ठेवल्या आणि आभार मानून उठले.

परत येताना हातखंब्याला चहाला थांबलो, तिथे म्हणाले, "भावोजी, डावा कान गेलाच आहे. उजवाही हल्ली दगा देतो. त्या जाळीवर मारलं ना, माझ्यापर्यंत काय नाय आलं. खरा ड्रम पायातनं वर येतो, छातीत लागतो. त्याला कान लागत नाय."

मला फार वाईट वाटलं. टाळीचा निकाल वहिनी का देत होत्या, तेही तेव्हा कळलं.

जुना का होईना, पण खराच ड्रम घरी आला. अढीतले आंबे वहिनींनी स्वतः उचलून पडवीत मांडले, पेंढा तेवढा जागेवर राहू दिला. त्यातलेच पिकले आंबे शेजाऱ्यांकडे पोचते केले, म्हणजे कुणाला बोलायला तोंड राहिलं नाही. एका दुपारी मेव्हण्यांनी गाणं पुरं वाजवलं. घामाने निथळत होते, पण चेहरा असा उजळलेला मी त्यांच्या लग्नातही पाहिला नव्हता.

मग रेकॉर्डिंग लावलं. ते स्पीकरवर तळहात टेकून, डोळे मिटून बसले. गाणं संपलं तेव्हा वहिनींकडे बघून विचारलं, "कसं झालंय?"

आयुष्यभर रॉकला "तो धिंगाणा" म्हणत आलेल्या वहिनी त्यांच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांच्या पाठीवर बोटांनी तो ठेका वाजवू लागल्या. ठेका चुकत होता. मेव्हण्यांनी तो दुरुस्त केला नाही.