मले नाई मालूम म्हणणारी आई

"मले नाई मालूम बाप्पा. चाल, पाहून येऊ."

दिवसातून पन्नास वेळा हे वाक्य कुंपणावरून उडी मारून माझ्या कानात पडायचं. म्हणणारी आमची शेजारीण. ओढणी कमरेला खोचलेली, हातात झारा नाहीतर झाडू. पोरानं विचारायचा अवकाश, "आई, पालीची शेपटी तुटली त तिले दुखते का?" की ही बाई गॅस बारीक करून दोन्ही पोरांसह पाल शोधायला अंगणात हजर! भाजी करपायची ती करपायची. तिच्या घरची निम्मी भाजी मी वासावरून ओळखायचो.

मी तेहतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत पोरं शिकवली, त्यातली शेवटची नऊ हेडमास्तर म्हणून. निवृत्तीनंतर शहापुरात हायवेपासून चार घरं आत घर बांधलं, ते निवांत पेपर वाचायला. आणि शेजारी कोण निघावं? पोरांना शाळेतच न घालणारी आई! तुम्हीच सांगा, माझं डोकं फिरणार नाही तर काय होईल?

तिचं माहेर कोंढ्याचं. बी.एस्सी. झालेली. नवरा वरठीच्या कारखान्यात, शिफ्ट असेल तसा मोटरसायकलवर जायचा-यायचा. बोलायला कमी, हसायला तयार. सासरे धानाचे जुने शेतकरी, जोडीला थोडाफार धानाचाच व्यापार. थोरला पोरगा सात वर्षांचा, धाकटी पाचाची. थोरला एक वर्ष शाळेत गेला होता. मग हिनं त्याला काढून घरी बसवला.

"काहून काढलं?" मी कुंपणावरूनच विचारलं. आवाजात हेडमास्तर होताच.

"शाळेचं काही चुकलं नाई जी गुरुजी. पण एवढ्या पोट्ट्याइत याचा नंबर कवा लागन? घरी आला की चूप. विचारनंच बंद झालं त्याचं. मी घरीच आहो ना, घेतो काही दिवस माह्याजवळ."

"काही दिवस म्हणजे किती?"

"मले नाई मालूम बाप्पा," ती म्हणाली आणि खळखळून हसली. मी पेपर उघडून तोंडापुढे धरला.

गंमत अशी की गावानं तिचं ते वाक्य खरंच मानलं. बी.एस्सी. झालेली बाई, पालीला शेपटी परत फुटते हे तिला ठाऊक नसेल होय? पण तिनं ते पोरांना कधी सांगितलं नाही, आणि गावालाही नाही. विहिरीवरच्या बाया तिची कीव करायच्या. सासरे तर माझ्या ओट्यावर येऊन कपाळाला हात लावायचे.

"मास्तर, सून शिकलेली म्हून केली. आता तिले काहीच मालूम नाई! मायलेच मालूम नाई त पोट्टे काय शिकतीन?"

मी मान डोलवायचो. खरं सांगायचं तर मला बरं वाटायचं. तेहतीस वर्षं मी खडू झिजवला, आणि ही बाई म्हणते पोरं अशीच शिकतात!

आता तिची शाळा कशी भरायची ते सांगतो, म्हणजे तुम्हालाही राग येईल. सकाळी आठला पोरं हायवेच्या कडेला, चहाटपरीच्या बाकावर. समोरून ट्रक जाणार. थोरल्यानं नंबरप्लेट वाचायची, धाकटीनं अक्षर वहीत काढायचं. सी जी म्हणजे छत्तीसगड, ओ डी म्हणजे ओडिशा. घरी येऊन नकाशावर त्या राज्यात तांदळाचा एक दाणा ठेवायचा. आठवड्याच्या शेवटी कुठल्या राज्यात ढीग मोठा ते मोजायचं. ट्रक ड्रायव्हर ओळखीचे झाले होते. एकानं तर मुद्दाम गाडी थांबवून विचारलं होतं, "बेटा, आज मेरी गिनती हुई क्या?"

दुपारी स्वयंपाकघर. किती माणसांना किती तांदूळ, किती पाणी, हा हिशेब थोरल्याचा. एकदा त्यानं पाणी दुप्पट टाकलं. तिनं शब्दानं सांगितलं नाही. घरातल्या सगळ्यांनी दोन दिवस पेज प्यायली, सासऱ्यांनीसुद्धा. "पोट्ट्याचं गणित पिऊन राहिलो मास्तर," ते मला म्हणाले.

आणि ती काही देवी वगैरे नव्हती, गैरसमज नको. एका दुपारी दोन्ही पोरांना माझ्या ओट्यावर आणून बसवलं. तोंड लालबुंद, केसांत पीठ.

"गुरुजी, दहा मिनटं ठेवा याईले. नाईतर मी याईले शाळेत काय, सर्कशीत टाकून देईन!"

घरी जाऊन दार लावून घेतलं. दहा मिनिटांनी तोंड धुऊन परत आली, तर मी पोरांना पाढे म्हणायला लावले होते आणि धाकटी झोपली होती. ती इतकी हसली, की मलाही हसू आलं. पहिल्यांदा. माझा राग मी तसा सांभाळून ठेवला होता, पण त्या दिवशी त्याला जरा चीर पडली.

त्या वर्षी दसऱ्याच्या आधी सासऱ्यांनी शेवटचं सांगून टाकलं. मास्तरांनी परीक्षा घ्यावी. पास झाला तर घरी, नाही तर दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या की थोरला शाळेत, आणि पाठोपाठ धाकटीही. नवरा बापापुढे बोलणारा नव्हता. ती मला फाटकाशी भेटली. नेहमीचं हसू नव्हतं.

"गुरुजी, तुमाले जे दिसन तेच सांगजा. माह्या तोंडाकडे पाहून काही नोका सांगू. पण एक सांगतो, आता कुठी त्याचं विचारनं परत सुरू झालं जी."

मी नुसतं "हं" म्हणालो. त्या रात्री जेवण गोड लागलं नाही, हे मी बायकोलाही सांगितलं नाही.

सकाळी नऊला त्यांच्या अंगणात खुर्च्या मांडलेल्या. सासरे, त्यांचे दोन भाऊ, चहा, चिवडा. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी. वाचन घेतलं, पोरगा सावकाश वाचत होता पण समजून. बरं वाटलं. पाढे विचारले, सातात अडखळला. मग मी विचारलं, "एका गाईला चार पाय, तर सहा गाईंना किती?"

तो म्हणाला, "मले नाई मालूम. चला गुरुजी, पाहून येऊ," आणि माझा हात धरून गोठ्याकडे ओढू लागला.

दोन्ही चुलत आजोबा खुर्चीवरून पडायचे बाकी राहिले. सासऱ्यांचा चेहरा काळवंडला. आणि गोठ्यात गाई तीनच! पोरगा तिथं उभा राहून म्हणाला, "तीन गाईचे बारा. अजून तीन आनल्या त चोवीस." उत्तर बरोबर. पण अंगणात तोवर हसण्यातच निकाल लागला होता.

मी शेवटचा प्रश्न टाकला, अगदी सोपा. "फुलं येणारी पाच झाडं सांग."

"पळस. मोह. जास्वंद. भेंडी. धान."

"धान चूक," मी म्हणालो. "धानाला लोंबी येते, फूल नाही." तेहतीस वर्षं मी असंच शिकवलं होतं आणि कोणी उलटून विचारलं नव्हतं.

"येते गुरुजी. मी पाह्यलं."

"पाहा!" सासरे उठले. "धान पिकवनाऱ्याच्या घरचं पोट्टं हे! फुलोरा म्हंतो आपन, पण धानाचं फूल कोनी पाह्यलं? साठ वर्षं बांधीत गेली माही. चला, सगळेच चला. धानाले फूल निंगलं त पोट्टा घरी. नाई निंगलं त शाळा. मास्तर साक्षी."

बांधी म्हणजे आमच्याकडचं बांध घातलेलं धानाचं शेत. त्यांची एक घरामागेच होती. आम्ही सगळे धुऱ्यावर, म्हणजे तिच्या बांधावर, रांगेनं उभे राहिलो. भारी, म्हणजे उशिरा येणारं धान नुकतंच निसवलं होतं. लोंब्या हिरव्यागार, तुकतुकीत, आणि साफ बंद. आभाळ भरून आलेलं. पोरगा एका लोंबीपाशी उकिडवा बसला, धाकटी त्याच्या शेजारी.

"कुठी हाय फूल?"

"थांबा आबाजी. ऊन नाई ना अजून."

साडेनऊ झाले. दहा झाले. चुलत आजोबांपैकी एक चहाचं कारण काढून निघून गेला. सासऱ्यांनी दोनदा घड्याळ पाहिलं. मी तिच्याजवळ सरकलो आणि हळूच विचारलं, "निघतं ना गं?"

ती लोंबीवरची नजर न काढता म्हणाली, "निंगते जी. रोज पाह्यतो आमी. पण ढगात निंगते का, मले खरंच नाई मालूम."

हे मात्र खरंच होतं. तिच्या हाताच्या मुठी घट्ट वळलेल्या होत्या. आणि मी, परीक्षक, साक्षीदार, निवृत्त हेडमास्तर, आभाळाकडे बघून मनात म्हणत होतो, नीघ रे बाबा, नीघ एकदा.

साडेदहाच्या सुमाराला ढग फाटले. ऊन बांधीवर आलं. पाच मिनिटं गेली असतील.

"आबाजी, वाका!"

सासऱ्यांना दिसेना. माझा चष्मा डोळ्यांवर होताच; खिशातला जुना मी त्यांना दिला. दोन म्हातारे गुडघे धरत चिखलात बसलो. आणि खरं सांगतो, एका दाण्याचं हिरवं टरफल हळूहळू, आपल्या डोळ्यांदेखत, दोन बाजूंना उघडलं. आतून सुतासारखे बारीक पांढरे धागे बाहेर आले, टोकाशी पिवळट दाणे लोंबणारे. मग शेजारचं उघडलं. मग त्याच्या खालचं.

"सहा असतात," धाकटी बोटं दाखवत म्हणाली. "मोजा. आनि तासाभरात दार लागून जाते."

मी मोजले. सहाच होते.

सासरे तसेच वाकून राहिले. चष्मा नाकावर, तोंड उघडं. मग म्हणाले, "अरे बाप्पा! साठ वर्षं यायच्या मधातून फिरलो मी. अन् वाकलो तो फक्त कापाले."

पोरगा घरी राहिला. माझ्यावर निकाल लिहून द्यायची वेळच आली नाही. त्या दिवसापासून आठवड्यातून दोन सकाळी मी त्यांच्या घरी पाढे शिकवायला जायला लागलो, आणि बाकीच्या सकाळी शिकायला. सासरे तर पुरते बिघडले. गावात कोणी काही विचारलं की अभिमानानं म्हणायचे, "आमच्या घरी सांगत नाईत, दाखवतात!"

तीन वर्षं गेली. थोरला दहाचा झाला, आणि एका संध्याकाळी त्यानंच सांगितलं, मला शाळेत जायचं आहे. तिथं खो-खोची टीम आहे, शेजारचे सगळे त्यात आहेत.

आता ओरडले कोण? सासरे!

"कायले जाते शाळेत? काय कमी हाय इथी? मास्तर, समजवा त्याले! सूनबाई, तू काहून चूप?"

ती भाकरी थापत होती. थापायचं थांबली नाही. "तो म्हंते जातो, त जाऊ द्या मामाजी. जायसाठीच त शिकवलं." मग तव्यावरचा धूर डोळ्यांत गेल्याचं सांगून मागच्या अंगणात गेली.

जून संपता संपता तो शाळेत गेला. सव्वादहाला मी सहज तिकडं फिरायला गेलो. सहज कसला, मुद्दामच. तर शाळेच्या मागच्या भिंतीशी सासरे, हातात पिशवी, टाचा उंच करून आत बघतायत. "पालक घ्याले आलो होतो," म्हणाले. तिथं पालक विकणारं कोणी नव्हतं. पुढच्या फाटकाशी ती, धाकटीचा हात धरून. मला पाहून ओशाळली.

"गुरुजी, तुमाले आत जाऊ देतीन ना? पाहून येता का जरा?"

जुना हेडमास्तर, कोण अडवणार? मी व्हरांड्यातून जाऊन पाचवीच्या खिडकीशी उभा राहिलो. चांगली पाच मिनिटं. परत आलो तर सून-सासरे दोघं फाटकाशी एकत्र उभे, एकमेकांकडे न बघता.

"तिसऱ्या बाकावर आहे," मी सांगितलं. "शेजारच्या पोराच्या वहीत डोकं घालून हसतोय. बाहेर काही त्यानं पाहिलं नाही."

"एकदाही नाई?" तिनं विचारलं.

"एकदाही नाही."

ती हसली. डोळे भरले होते, ते तिनं पुसलेही नाहीत. "बरं झालं जी," म्हणाली. "लई बरं झालं." आणि धाकटीला घेऊन घराकडे वळली. चार पावलं गेल्यावर सवयीनं तिनं दुसरा हात थोरल्यासाठी मागं केला, बोटं उघडी ठेवून, तशीच चालत. मागून येणाऱ्या म्हाताऱ्याला काय करावं सुचेना. त्यानं आपली रिकामी पिशवी त्या हातात दिली, आणि ती तिनं घरापर्यंत नेली.