घाटात, चाकामागे

मोटार पुढे पळवणं आणि मोटार चालवणं यांत किती अंतर आहे, ते मला तुराट्यांनी शिकवलं. डोणगावच्या आमच्या शेतातली तूर निघाली होती. बाबांनी वाळक्या तुराट्या दोन ओळींत रोवल्या, मध्ये लॉरीपुरती वाट ठेवली आणि म्हणाले, "हं, आता आन मांगं." मी आणली. कडकड आवाज करत अर्धी ओळ चाकाखाली गेली. बांधावर बसलेले शेजारी खदखदून हसले. एक जण म्हणाला, "बैल बी उलटा चालत नाही, अन् हा लोखंड उलटं चालवून राह्यला!"

मला राग चटकन येतो, त्या वयात तर नाकावरच असायचा. मी त्याला उत्तर द्यायला उतरलो, तर बाबा मोडलेल्या तुराट्या उपटून नव्या रोवत होते. "त्याईले हासू दे. साहेब हासनार नाही, सीधा नापास करन," ते म्हणाले. मी पुन्हा चढून बसलो.

वऱ्हाडचा कारभार तेव्हा नागपूरहून चाले आणि आमची लायसनची परीक्षा बुलढाण्याला होई. खांबांमधून गाडी मागे आणून दाखवायची, अरुंद रस्त्यावर वळवायची, आणि घाटात चढावर थांबवून, तसूभरही मागे न सरकता, पुन्हा पुढे काढायची. पहिल्या दोन गोष्टी घाम गाळून जमतात. तिसरीपाशी आमचं घरच अडलेलं होतं.

त्याआधीच्या वर्षी राजूरच्या त्याच घाटात माझा थोरला भाऊ आमच्याच लॉरीखाली गेला होता.

चढावरून गाडी काढायची आमच्याकडे एक रीत होती. हातब्रेकवर कोणाचाच भरवसा नव्हता. गाडी थांबली की सोबतचा माणूस लाकडी ठोकळा घेऊन उतरे, तो मागच्या चाकाखाली सारी आणि ओरडे, "लागलं!" मग चालवणाऱ्याने ब्रेक सोडायचा, गाडी ठोकळ्यावर टेकवायची आणि निवांत पुढे काढायची. आमची लॉरी बाबा चालवत, ठोकळा दादा लावी. मलकापूर स्टेशनवरून मिठाची पोती भरून येताना चढावर इंजिन बंद पडलं. दादा उतरला. गाडी मागे आली.

बाबांनी घरी येऊन एवढंच सांगितलं, की लाकूड सरकलं. गावाने त्याचा अर्थ लावला, की पोरानंच ते वाकडं लावलं. मायनेही तोच लावला. ती रडण्याऐवजी त्याला बोल लावी: "कुठं ध्यान होतं त्याचं? एक लाकूड धड लावता आलं नाही!" तिचं ऐकून मलाही दादाचा राग यायचा. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण मी रागावायचो.

बाबांनी त्यानंतर स्टेअरिंगला हात लावला नाही. लॉरी निंबाखाली उभी राहिली. मला लायसन मिळालं तर ती चालवायची, नाही तर विकायची, असं ठरलं.

चढाचा सराव आम्ही ओढ्याच्या उतारावर करत होतो. ब्रेकचे पट्टे नवे बसवले होते, तरी माझं अंग ठोकळ्याची वाट बघायचं. गाडी मागे कशावर तरी टेकल्याशिवाय मला रेस वाढवताच येत नसे. बाबा मागे ठोकळा घेऊन उभे राहत आणि "लागलं" म्हणत. एका दुपारी तो शब्द मला दादाच्या आवाजात ऐकू आला. अगदी त्याचाच, शेवटाला थोडा वर चढणारा. मी वळून पाहिलं. मागे बाबाच होते.

त्या दिवसापासून तो आवाज माझ्या पाठीस लागला. विहिरीच्या रहाटाच्या करकरीतून यायचा, भरल्या ताटावर यायचा. मी घास खाली ठेवायचो आणि माय विचारायची, "काय झालं रे?" मी भुताखेतांना मानणारा नव्हे. पण भीती काही तुम्ही मानता की नाही ते विचारून येत नाही.

शेवटी मीच वैतागून म्हणालो, "बाबा, साहेब लाकूड लावू देनार नाही. तुमी मांगं उभे राहू नका."

"राहू दे मले."

"काऊन पन?"

ते ठोकळा उचलून बाजूला गेले आणि त्या दिवसापासून बाभळीखाली उभे राहू लागले. मी क्लच अर्धा सोडून, इंजिन दबलं की हातब्रेक ढिला करायला शिकलो. हळूहळू जमलं. गाडी कशावरही न टेकता निघू लागली.

परीक्षेच्या दिवशी खांब जमले, वळवणंही जमलं. मग आम्ही घाटात उतरलो आणि गाडी वळवून चढाला लावली. साहेबाने बाबांना रस्त्याच्या कडेला उभं केलं, डाव्या चाकामागे रिकामी काडेपेटी ठेवली आणि माझ्या शेजारी येऊन बसला. "काडेपेटी दबली की तू नापास," तो म्हणाला.

मी उजव्या आरशात पाहिलं. बाबा कडेला नव्हते. उजव्या मागच्या चाकामागे त्यांचा खांदा आणि धोतराचा काठ दिसत होता. चाक आणि त्यांच्यात वीतभरही जागा नसावी. मला वाटलं, ठोकळा घेऊन आले आहेत. मी "लागलं" ऐकायला कान टवकारले. ना बाबांचा आवाज आला, ना दादाचा. इतके दिवस ज्या आवाजाने जेवू दिलं नव्हतं, तो नेमका तेव्हा गप्प होता. ओरडावंसं वाटलं, पण ओरडताना ब्रेकवरचा हात जरा जरी हलला असता तर काय झालं असतं, ते मला ठाऊक होतं.

"चलो," साहेब म्हणाला.

मी आरशातून नजर काढली नाही. रेस दिली, क्लच सोडत आणला. इंजिन दबलं, बॉनेट थोडं उचललं गेलं, आणि मी ब्रेक सोडला. लॉरी पुढे निघाली. साहेबाने खाली उतरून न दबलेली काडेपेटी उचलली, आपल्या खिशात टाकली आणि "पास" म्हणाला.

मी पळत खाली गेलो. बाबा रस्त्यात तिथेच उभे होते. त्यांचे दोन्ही हात रिकामे होते.

"लाकूड कुठं हाय?"

"आनलंच नाही."

"मंग मांगं उभे काऊन राह्यले?"

"त्या दिवशी बी नव्हतं," बाबा म्हणाले. "मलकापूरले चाकाखाली लावलं होतं, मीच तिथं विसरून आलो. त्याले म्हटलं, एखादा दगड पाहून लाव, तवरक मी ब्रेकवर धरतो. तो माह्या भरोशावर वाकला. माह्याच्यानं गाडी धरल्या गेली नाही. आज मी तुह्या भरोशावर तिथं उभा राह्यलो."

म्हणजे त्या दिवशी घाटात "लागलं" हा शब्द कोणी म्हटलाच नव्हता. मला आपल्या बापाला मारावंसं वाटलं, आणि त्याच क्षणी ते जिवंत उभे आहेत याचं रडू आलं. मी म्हणालो, "मायले तुमीच सांगा. मी सांगनार नाही."

आम्ही घरी आलो. माय ज्वारी पाखडत होती. मी पास झालो म्हटल्यावर ती उठून साखर आणायला निघाली, तेव्हा बाबा तिच्या वाटेत भुईवर बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं. काही न गाळता सांगितलं.

माय उभीच होती. ती बाबांवर ओरडली नाही. तिने आम्हा दोघांकडे पाहिलं आणि विचारलं, "मंग मी सालभर माह्या लेकराले जे बोलली, ते आता वापस कसं घेऊ?"