विमानातले चार पलंग

बन्सीधरने आकडा तीनदा पाहिला. चष्मा पुसून पुन्हा पाहिला. आकडा कालचाच होता, तीन लाख साठ हजार. बदललं होतं ते त्याच्या खालचं वाक्य. आजवर क्रेडिट कार्डाच्या एका पॉइंटला विमान कंपनीचा एक मैल मिळत असे. आता तीन पॉइंटांना एक.

दुकानात चोरी झाली तर कुलूप तुटलेलं असतं. इथं काहीच तुटलं नव्हतं. पाइपांची भेंडोळी जागेवर होती, पंपांची खोकी जागेवर होती.

सोनपेठमध्ये पंप-पाइप विकणाऱ्या माणसाकडे असलं भारी प्रवासाचं कार्ड असतं, हे आधी कुणाला पटलं नव्हतं. मग सवय झाली. दुकानाचा माल तर तो कार्डावर घ्यायचाच. शेजारच्या परमेश्वरच्या ट्रॅक्टरचा विमा, गल्लीतल्या कमलबाईच्या नातीची कॉलेजची फी, तीही त्याच कार्डावर भरायचा आणि लोक त्याला रोख आणून द्यायचे. "विमानवाले, आमचंबी घासा," म्हणायचे. चार वर्षं त्याने घासलं.

कारण बायकोची, सविताची, कंबर. ऑपरेशननंतर तिच्या मणक्यात दोन स्क्रू आहेत. अर्ध्या तासापलीकडे तिला बसवत नाही. परभणीलासुद्धा ती जीपच्या मागच्या सीटवर आडवी होऊन जाते. मुलगी राजेश्री म्युनिकला. डॉक्टर म्हणाले होते, पडून जाता येत असेल तर खुशाल जा. विमानात पलंग होणारी खुर्ची असते, हे राजेश्रीनेच सांगितलं. एका खुर्चीला पंच्याऐंशी हजार मैल. दोघांचं जाणं, दोघांचं येणं, चार पलंग. मागच्या दिवाळीलाच पॉइंट पुरे झाले होते.

त्याने ते मैलांत बदलून काढले नाहीत. त्याआधी दसऱ्याला बँकेने पंधरा दिवस चार मैलांवर एक मैल जादा दिला होता, आणि ते त्याला उशिरा कळलं होतं. तेव्हापासून तो त्याच भावाची वाट पाहत होता. सोयाबीनची पोती घरात रचून माणसं रोज मोंढ्यात भाव विचारतात, तसा रोज सकाळी ऑफरचं पान उघडायचा. राजेश्री म्हणायची, "बाबा, काढून ठेवा हो. हे कायमचं नसतं." तो म्हणायचा, "माल आपल्या घरात हाय. कोण न्यायलंय?"

आता राजेश्रीला आठवा लागला होता. व्हिसा येऊन पडला होता. आज काढायचेच म्हणून तो बसला होता.

त्याने बँकेला फोन लावला.

"सर, पंचेचाळीस दिवस आधी आपल्याला मेल पाठवला होता," पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली.

"मेल कोण वाचतंय, बाई?"

"कार्ड चालू ठेवायचं असेल तर एक तारखेला फी भरावी लागेल, सर. बंद केलं तर उरलेले पॉइंट जातात."

फोन ठेवून त्याने पावतीच्या पाठीवर हिशेब मांडला. आधी एक पलंग वर्षात साठायचा. आता तीन वर्षं लागणार. तीन पलंगांना नऊ. तोवर बाळ शाळेत असेल. रोखीने घ्यावं तर ऑपरेशननंतर तेवढी शिल्लक उरलीच नव्हती.

दुकानामागच्या खोलीतून सविताने हाक मारली, "अहो, काय बघायलाव एवढं?"

तो दारात उभा राहिला. ती बाजेवर पडली होती.

"पलंग गेले."

"किती?"

"तीन. पुन्यांदा साठवायला नऊ वर्षं."

"सोयाबीनलाबी असंच केलं तुमी. दहा हजाराचं चार हजाराला घातलं."

"सगळ्या गावाचंच तसं झालं की."

"गावाच्या कमरेत स्क्रू हायत का?"

त्याने हिशेबाची पावती घडी करून खिशात घातली.

"एक ऱ्हायलाय ना? माझ्या नावानं काढा."

"एकटी? तुला तिथली भाषा न्हाई, काही न्हाई."

"पडून जायचंय मला. बोलत न्हाई जायचं."

"अन् यायचं कसं?"

"ते तुमी बघा. साठवा. लागू द्या नऊ वर्षं."

ती हसेल म्हणून तो थांबला. ती हसली नाही. आत्तापर्यंत त्याला वाटत होतं, गेले ते नुसते पॉइंट; आता तीही निघाली होती.

"उद्या राजेश्रीला इचारू," तो म्हणाला. "एखाद वेळेस बँक आठ दिवसांत पुन्यांदा..."

"आज काढा. उद्याचा भाव मला नको."

तो बाजेच्या कडेला बसला. मोबाइल तिनेच धरला आणि त्याने बोट लावलं. तिकीट आलं. पासपोर्टावर होतं तसंच नाव: सविता बन्सीधर, आणि पुढे आडनाव. मधे का होईना, तो होता. प्रवासी एक. परतीची तारीख, तिथे नुसती एक रेघ.