अमेरिकेच्या नावावर मारलेला बैल

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यांचा राग वर्षागणिक निवत गेला. हा एक राग मात्र निवला नाही. या प्रकरणात माणूस मेला नव्हता. एक बैल मेला होता आणि एक दुकान जळालं होतं. ज्याच्यामुळे हे घडलं, त्याच्या गाडीचं दार उघडल्यावर मला पुढे कित्येकदा सलाम ठोकावा लागला.

नव्वदीच्या दशकाचा मध्य होता. माजलगाव धरणाच्या कालव्याखाली येणाऱ्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी अधिकारी होतो. विधानसभेची निवडणूक लागली होती आणि शेतांत ज्वारीची काढणी चालू होती. बाजार खुला झाल्याच्या बातम्या तेव्हा गावोगाव पोचल्या होत्या. स्टँडवर परदेशी थंड पेयांच्या बाटल्या आल्या होत्या, आणि जगाच्या व्यापाराचा करार झाला की आपल्या शेतातलं बी आपल्याला ठेवता येणार नाही, अशी चर्चा पारावर रोज चालायची. ही भीती मी हसण्यावारी नेत नव्हतो. बहात्तरच्या दुष्काळात मी शाळेत होतो. रेशनवर आलेली अमेरिकेची लाल मिलो ज्वारी आमच्या घरीही खाल्ली गेली. तिची भाकरी थापताना तुटायची आणि आई रडकुंडीला यायची. बांधाबांधावर माजलेलं गाजरगवतही त्याच परदेशी धान्यातून आलं, असं आमच्याकडे सगळेच मानत. म्हणजे अमेरिका हे नाव आमच्या भागात नुसतं भूगोलाच्या पुस्तकातलं नव्हतं. त्या नावावर लोकांचा जुना राग होता.

हा राग एका पुढाऱ्याने बरोबर हेरला. नाव घेत नाही. लोक त्यांना भाऊसाहेब म्हणत. त्या निवडणुकीत ते उमेदवार होते आणि वारं त्यांच्या बाजूचं नव्हतं. बाजारपेठेतले व्यापारी विरोधी उमेदवाराकडे झुकले होते, कारण पेठेत ज्यांचा शब्द चाले, त्या आप्पांनी विरोधकाच्या प्रचाराचा नारळ फोडला होता. आप्पा लिंगायत, गळ्यात लिंग, कपाळावर भस्म, बियाणं आणि खताचं दुकान. उधारीवर बी देऊन 'पिकलं की बघू' म्हणणारा माणूस. त्यांच्या दुकानात हायब्रीड ज्वारीचं बियाणं मिळे. पिशवीवर इंग्रजी अक्षरं होती. बियाणं होतं जालन्याचं.

एका सकाळी कालव्याकडेच्या शेतवस्तीवरचा एक शेतकरी फिर्याद घेऊन आला. आप्पांनी दिलेल्या अमेरिकन बियाण्याचा कडबा खाऊन त्याचा बैल मेला, अशी त्याची फिर्याद. स्टेशन डायरीत नोंद घेऊन मी जमादारांसह पंचनाम्याला निघालो. वस्ती गावापासून दूर होती आणि आसपासच्या शेतांत भाऊसाहेबांचीच माणसं. आम्ही पोचलो तेव्हा बाभळीखाली बैल आडवा पडला होता. माझ्याआधी एक फोटोग्राफर येऊन फोटो काढून गेला होता, हे मला तिथेच कळलं. पोलिसांच्या आधी फोटोग्राफर पोचतो, तिथे मी जरा जास्त वेळ थांबतो.

मी शेतकऱ्याच्या घरात वाढलो. दावणीचा बैल गेला की आमच्याकडे घरातलं माणूस गेल्यासारखं असतं. बायका त्याच्या कपाळाला हळदकुंकू लावतात, अंगावर नवं कापड घालतात, खड्ड्यात नारळ ठेवतात. त्या दिवशी घरात चूल पेटत नाही. इथे बैलाच्या कपाळावर काही नव्हतं. घरधनीण बाहेर आली नव्हती. खोपटातून धूर निघत होता आणि भाकरीचा वास येत होता. जोडीतला बैल गेला की दुसरा दिवसभर वैरणीला तोंड लावत नाही. इथला दुसरा बैल मजेत कडबा चघळत होता.

"बैल कधीपासून होता तुझ्याकडं?" मी विचारलं.

"दिवाळीपासनं हाय साहेब. लई जीव होता माझा," तो म्हणाला. जीव होता म्हणताना तो बैलाकडे पाहत नव्हता, माझ्या जीपकडे पाहत होता.

पशुवैद्यकीय डॉक्टरांनी शवविच्छेदन केलं. पोटातून फवारणीच्या औषधाचा उग्र वास येत होता. व्हिसेरा औरंगाबादला प्रयोगशाळेत पाठवला. अहवाल यायला वेळ लागणार होता आणि भाऊसाहेबांना तेवढा वेळ नव्हता.

त्याच दुपारी आठवडी बाजारात त्यांची सभा झाली. मी बंदोबस्ताला उभा होतो. माणूस बोलायला पट्टीचा. "आधी आमाला मिलो खाऊ घातली! मग बांधाला गाजरगवत लावून दिलं! आता आमच्या बैलांच्या मुळावर उठलेत! आन् त्यांचा एजंट कुठं बसलाय? तिकडं अमेरिकेत न्हाई! हितं, आपल्या पेठंत बसलाय!" बोट आप्पांच्या दुकानाच्या दिशेला होतं. अर्ध्या तासात दुकान पेटलं. आम्ही लाठीमार केला, आप्पांना मागच्या दाराने काढून जीपमध्ये घातलं. बाहेर 'अमेरिका मुर्दाबाद'च्या घोषणा चालल्या होत्या आणि आतमध्ये एका म्हाताऱ्याचं धोतर पाठीमागून करपलं होतं.

आप्पा जीपमध्ये एवढंच म्हणाले, "साहेब, ह्या लोकान्ला मी नावानं वळखतो. माझ्या दुकानावर का बरं आले असतील हो?"

लगेच वरून फोन सुरू झाले. फिर्याद दाखल आहे, मग अटक का नाही? जाळपोळीचा गुन्हा मी नोंदवला, पण आप्पांनाही फसवणूक आणि जनावर मारल्याच्या गुन्ह्यात अटक दाखवावी लागली. ज्याचं दुकान जळालं तो कोठडीत, आणि ज्यांनी जाळलं ते प्रचाराच्या जीपवर. ती कोठडी माझ्या टेबलावरून दिसायची. आप्पा सकाळी गजांकडे पाठ करून इष्टलिंगाची पूजा करत, आणि मला वर बघवत नसे.

दरम्यान भाऊसाहेबांच्या लोकांनी मेलेल्या बैलाचा फोटो छापलेली पत्रकं तालुक्यात वाटली. वर मोठ्या अक्षरांत 'अमेरिकेचा पहिला बळी'. ती वाटता वाटता शेजारच्या गेवराई तालुक्यातही गेली, आणि तिथेच ते फसले. शेतकरी आपला बैल तोंडावरून ओळखतो, हे खेड्यात जन्मलेल्या त्या कार्यकर्त्यांना माहीत नव्हतं असं नाही. जीपमधून फिरून फिरून ते विसरले होते.

तिथल्याच चकलांब्याकडचा एक म्हातारा शेतकरी ते पत्रक घेऊन ठाण्यात आला. खुर्चीवर बसायला तयार नव्हता. पत्रक माझ्यासमोर धरून म्हणाला, "साहेब, ह्यो माझा चिमण्या हाय."

"फोटोवरून कसं सांगता बाबा?"

"डाव्या शिंगाचं टोक बघा की. लेकाच्या लग्नात वरातीला नेलता, तवा वेशीला घासून मोडलंतं. म्हातारा झालता, वैरण पुरंना, मनून गेल्या बाजारात इकला. पण साहेब, घेणारे शेतकरी नव्हते."

"ते कशावरून?"

"दात बघितले न्हाईत. चालवून बघितला न्हाई. खांदा चाचपला न्हाई. म्हातारा बैल हाय मनलं, तर मनले चालतंय. आसा कुठं बैल घेत्यात का?"

मी तीस गावांच्या हद्दीचा अधिकारी, पण एवढा चोख साक्षीदार मला फार कमी वेळा मिळाला. त्याने घेणाऱ्यांची वर्णनं दिली. त्यातले दोघे रोज भाऊसाहेबांच्या जीपवर ध्वनिक्षेपक धरून असत.

आता प्रश्न फिर्यादी शेतकऱ्याचा होता. दिवाळीपासून बैल दावणीला होता, हे त्याचं म्हणणं मोडायचं होतं. मारहाण करून काढलेलं बोलणं कोर्टात टिकत नाही आणि माझ्या मनाला ते पटतही नसे. मी साधा मार्ग धरला. त्याला जमादारांनी ठाण्यात बसवून घेतलं. बाईमाणसाला जबाबासाठी ठाण्यात आणता येत नाही, म्हणून महिला शिपाई बरोबर घेऊन मी वस्तीवर त्याच्या बायकोकडे गेलो. दोघांना एकच प्रश्न विचारायचा ठरला होता. बैलाचं नाव काय?

आमच्याकडे बिननावाचा बैल नसतो. कुत्र्याला नाव नसेल, बैलाला असतं. ठाण्यात नवरा क्षणभर अडखळला आणि 'राजा' म्हणाला.  वस्तीवर त्याची बायको ओसरीवर बसून जमिनीवर बोटाने रेघा ओढत राहिली. मी परत विचारलं.

"मला कुणी सांगितलंच न्हाई साहेब," ती म्हणाली, आणि तिचा बांध फुटला.

मग एकेक बाहेर आलं. बैल त्या कार्यकर्त्यांनी आदल्या दिवशी टेम्पोतून आणला होता. नवऱ्याला विहिरीवर वीज जोडून देण्याचा शब्द मिळाला होता. "अमेरिकेच्या इरोधातलं हाय, देशाचं काम हाय मनले. म्या दुपारी त्याला पाणी पाजलं, तर माझा हात चाटला त्यानं. सांजच्याला त्यांनी पेंडीत औषध कालवलं. लई तडफडला साहेब. म्या कुंकू लावते मनलं, तर मला भायेर येऊ दिलं न्हाई, मी बोलून बसन मनून."

"आणि चूल?"

"ती माणसं रातभर हितंच होती, सकाळी जेवायची होती की. मला भाकरी थापाया लावल्या."

बैल तडफडून मेला, त्याला मारणारे तिथेच जेवायला बसले, आणि त्यांना वाढलं हिने.  तिने डोळे पुसले आणि मला उलट विचारलं, "त्याचं नाव काय हो होतं साहेब?"

"चिमण्या," मी सांगितलं.

तिने ते नाव एकदा उच्चारलं आणि तोंडात पदर कोंबला. मग आतून हळदकुंकवाचा करंडा आणून, जिथे बैल पुरला होता त्या मातीवर हळदकुंकू चिमूट चिमूट सोडलं. महिला शिपाई तिच्याबरोबर गेली. मी गेलो नाही.

बायकोने सांगितलं हे कळल्यावर नवऱ्याने कबुली दिली. दोघा कार्यकर्त्यांना उचललं. भाऊसाहेबांकडे चौकशीला गेलो तेव्हा त्यांनी चहा मागवला. चेहऱ्यावर रेषही हलली नाही.

"मी भाषण केलं. भाषण करणं गुन्हा हाय का?" ते म्हणाले. मग जरा मोकळे झाले. "साहेब, तुमी शिकलेले. निवडणुकीत लोकान्ला दुश्मन दाखवावा लागतो. अमेरिका लई चांगली. लांब हाय, मोठी हाय, आन् उलटून कोर्टात येत न्हाई."

"मग दुकान आप्पांचं का जाळलं?"

"ते पब्लिकनं जाळलं. पब्लिकच्या हाताला जे लागतं ते जळतं." असं म्हणून त्यांनी बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली. मी चहाला हात न लावता उठलो. माझ्या हातात यापेक्षा जास्त काही नव्हतं.

आप्पांविरुद्धची फिर्याद खोटी असल्याचा 'ब समरी'चा अहवाल मी कोर्टात पाठवला आणि त्यांना सोडलं. पण मतदान होईपर्यंत या गोष्टीचा गवगवा करू नका, वातावरण बिघडेल, असे वरून तोंडी आदेश आले. वातावरण कुणी बिघडवलं होतं, हे विचारायची सोय नव्हती. भाऊसाहेब निवडून आले. त्यांची मिरवणूक जळक्या दुकानासमोर थांबली आणि तिथे गुलाल उधळला गेला. पुढे कोर्टात तो शेतकरी फितूर झाला. नवऱ्याच्या जाचापुढे त्याच्या बायकोलाही साक्षीला येता आलं नाही. दोघे कार्यकर्ते संशयाचा फायदा मिळून सुटले. आप्पांनी दुकानाची जागा तशीच सोडली आणि ते बार्शीला लेकीकडे राहायला गेले. जाताना ठाण्यात येऊन मला नमस्कार करून गेले. म्हणाले, "अमेरिका म्या नकाशात बी धड बघितली न्हाई साहेब."

लोकांचा राग खोटा नव्हता, हे मी परत सांगतो. बियाणं कोणाच्या मालकीचं, करारात काय लिहिलंय, त्यात आमच्या शेतकऱ्याचं काय होणार, हे प्रश्न विचारायलाच हवे होते. भाऊसाहेबांनी त्यातला एकही प्रश्न कुठे विचारला नाही. निवडून आल्यावर विधानसभेतही नाही. त्यांनी आमच्या आयांच्या तुटलेल्या भाकऱ्यांचा राग घेतला आणि एका शेजाऱ्याच्या छपराला लावला. अमेरिकेला या सगळ्याचा पत्ताही नव्हता. तेव्हापासून कोणी लांबच्या शत्रूच्या नावाने घोषणा द्यायला लागलं, की मी आधी जवळपास कोणाचं दुकान आहे ते बघायचो आणि तिथे दोन शिपाई उभे करायचो. या केसने मला शिकवलं ते एवढंच, आणि ते पोलीस प्रशिक्षणात कोणी शिकवत नाही.

काही वर्षांनी मी बढतीवर त्याच भागात परत आलो. भाऊसाहेबांच्या कॉलेजच्या मैदानावर शेतकरी मेळावा होता आणि बंदोबस्त माझ्याकडे होता. मेळावा भरवला होता एका बियाणं कंपनीने. ही कंपनी मात्र खरोखर अमेरिकेची होती. तालुक्याची एजन्सी भाऊसाहेबांच्या पुतण्याला मिळाली होती. भाऊसाहेबांनी कंपनीच्या साहेबांना फेटा बांधला, नारळ दिला, आणि माईकवरून सांगितलं की जग आता जवळ आलंय. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेच लोक होते. पहिल्या रांगांत तो फिर्यादी शेतकरी बसला होता, मांडीवर फुकट मिळालेली बियाण्याची पिशवी.

मेळावा संपून मंडप रिकामा होत असताना बायकांच्या बाजूने एक बाई माझ्याकडे आली. मी ओळखलं, त्या फिर्यादीची बायको. तिने इकडेतिकडे पाहिलं, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि हळूच विचारलं, "साहेब, ते आप्पा कुठं असत्यात हो आता?"

त्या भरल्या मंडपात हा प्रश्न पडलेली ती एकटीच होती. आप्पा मागच्याच वर्षी वारले, हे मला तिला सांगावं लागलं.