राजवाड्यामागची संस्था

आमची धाकटी चार वर्षांची झाली तरी चालत नव्हती, आणि बोलायचं म्हणाल तर तिला एकच शब्द येत होता, "चल". स्वतः जागेवरून न हलता ती घरातल्या सगळ्यांना चल म्हणायची. मला त्याचं हसू यायचं, पण घरात दुसऱ्या कुणाला येत नसे, म्हणून मी तोंडाला पदर लावत असे.

तेव्हा आम्ही इंदूरला राजवाड्यामागच्या एका बोळात राहत होतो. हे कापड गिरणीत कारकून. यांचे आजोबा संस्थानच्या पागेत नोकरीला होते, तेवढ्या आधारावर यांना वाटायचं की सरकारदरबारी आपल्या शब्दाला वजन आहे. संस्थान गेलं, मध्य भारत आला, तोही जाऊन मध्य प्रदेश झाला, पण यांचा विश्वास जागचा हलला नाही.

डॉक्टर म्हणाले, वयाबरोबर समज येईल, धीर धरा. नात्यातल्या बायकांनी ब्राह्मीचं तूप सुचवलं आणि आडून आडून विचारलं की दिवस असताना ग्रहण पाळलं होतं ना. मी पाळलं होतं. त्यांची जराशी निराशाच झाली.

सहाव्या वर्षी धाकटी चालू लागली तेव्हा आम्ही तिला शाळेत घेऊन गेलो. मोठ्या बाई फार गोड बोलल्या. म्हणाल्या, हिचं इथे मन रमणार नाही. त्या हे सांगत होत्या तेव्हा धाकटी त्यांच्या टेबलावरची घंटा वाजवत होती आणि तिचं मन उत्तम रमलं होतं. निघताना बाईंनी दिलासा दिला की अशा मुलांसाठी वेगळ्या संस्था असतात, आईबापांनासुद्धा तिथे सल्ला मिळतो. कुठे असतात ते त्यांना माहीत नव्हतं.

झालं, हे संस्थेच्या शोधाला लागले. शिक्षणाच्या कचेरीत सांगितलं की हा आजाराचा विषय आहे, दवाखान्याकडे विचारा. दवाखान्यात म्हणाले, आजार तर काही दिसत नाही, शिकवण्याचा प्रश्न आहे. मग कुणीतरी तिसऱ्या कचेरीत पाठवलं. तिथला बाबू मनमिळाऊ निघाला. "बैठो भिया" म्हणून यांना खुर्ची द्यायचा, चहा मागवायचा, आणि अजून काही कळलं नाही म्हणून मनापासून हळहळायचा. हे गिरणी सुटली की वाकडी वाट करून तिकडे जात. धाकटीचं दूध कसं सुटलं, ती कशाला घाबरते, तिला झोप कशी लागते, हे सगळं त्या बाबूला तोंडपाठ झालं होतं. माझ्या सख्ख्या बहिणीलाही त्यातलं निम्मं माहीत नव्हतं.

शेवटी बाबूच म्हणाला की राजधानी आता भोपाळला गेली, असली माहिती तिथेच मिळेल. यांनी रजा काढली, कडक इस्त्रीचा कोट घातला आणि भोपाळ गाठलं. तिथले साहेब नवे होते, कचेरी नवी होती, भिंतींना चुन्याचा वास येत होता. साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, अशी संस्था राज्यात कुठे असलीच तर इंदूरला असेल, मोठं शहर आहे, तिकडे चौकशी करा.

हे परत आले आणि कोट खुंटीला अडकवत साहेबांचं उत्तर मला सांगू लागले. त्या दिवशी मात्र मला हसू आलं नाही.

त्यानंतर थोड्या महिन्यांनी, एका दुपारी हे गिरणीत असताना, दारात एक जोडपं उभं राहिलं. नवरा फेटेवाला, बायकोच्या कडेवर सातआठ वर्षांचा मुलगा. मान एका बाजूला कललेली, पाय लोंबकळत असलेले. जवळच्या हातोद गावाहून आले होते. फेटेवाल्याने हात जोडून विचारलं, "बाईजी, संस्था यही है?"

मी म्हटलं, कसली संस्था?

"ऐसे बच्चों की," तो म्हणाला. कचेरीतल्या बाबूजींनी सांगितलं होतं, की राजवाड्यामागे एक मराठी साहेब राहतात, या कामातलं त्यांना सगळं माहीत आहे, जे काय विचारायचं ते त्यांना विचारा.

मी काय सांगणार? इथे संस्था नाही म्हटलं असतं तर ती माणसं मुलाला उचलून पुन्हा उन्हात निघाली असती. मी त्यांना आत घेतलं, पाणी दिलं, पोहे टाकले. धाकटी त्या मुलाजवळ जाऊन बसली आणि "चल" म्हणाली. तो हसला. त्याच्या आईने धाकटीकडे बराच वेळ बघितलं. मी वाट बघत होते की आता ही ग्रहणाचं विचारेल. तिने विचारलं, "इसको खाने में क्या अच्छा लगता है?"

इतक्या वर्षांत हे मला कुणीच विचारलं नव्हतं. मी सांगायला लागले, आणि थांबेनाच. मग ती सांगायला लागली. घास नरडीत अडकू नये म्हणून ती मुलाची मान हातावर कशी धरते, ते तिने करून दाखवलं. जी धरून धाकटी चालायला शिकली ती दोरी मी तिला दाखवली. फेटेवाला कोपऱ्यात बसून दोघींचं ऐकत होता. जाताना मी म्हटलं, बाजाराला याल तेव्हा या.

संध्याकाळी हे घरी आले आणि सगळं ऐकून भडकले. दुसऱ्या दिवशी बाबूला जाब विचारायला गेले. बाबूला नवल वाटलं. "भिया, इस मामले में आपसे ज़्यादा कौन जानता है?" तो म्हणाला, आणि नेहमीसारखा चहा मागवला. हे चहा पिऊन परत आले. मला म्हणाले, त्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही. चेहऱ्यावर जरा ऐट होती. सरकारदरबारी शेवटी आपला शब्द चालला, असंच त्यांना वाटत असावं.

बाबू माणसं पाठवत राहिला. रविवारी आमच्या बाहेरच्या खोलीत आया बसू लागल्या. कुणाचं मूल ऐकू न येणारं, कुणाचं झटके येणारं. आमच्याकडे ना औषध होतं ना उपाय. कुठला डॉक्टर ओरडत नाही, कुठल्या मास्तराने मुलाला बाकावर बसू दिलं, एवढंच आम्ही एकमेकींना सांगत होतो. हे बाहेर ओट्यावर बापांबरोबर बसायचे. बाप मुलांविषयी बोलायला लाजत, म्हणून आधी गव्हाच्या भावाबद्दल बोलत आणि मग हळूच मुद्द्यावर येत.

बऱ्याच वर्षांनी भोपाळहून एक अधिकारी पाहणीला आले. यांना तिथे भेटलेले साहेब नव्हेत, दुसरेच. त्यांनी खोलीत मुलं पाहिली, आया पाहिल्या, आणि विचारलं की नोंदणी आहे का. नव्हती. मग ही संस्था नाही, असं त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं. संस्था व्हायला अध्यक्ष लागतो, तोही वजनदार.

मग आम्ही एक निवृत्त मोठे गृहस्थ शोधले. त्यांना अशा मुलांची काही माहिती नव्हती, पण आवाज भारदस्त होता. उद्घाटनाला त्यांनी भाषण सुरू केलं. हातोदची बाई मुलाला घेऊन पुढे बसली होती. तो आता कडेवर मावत नव्हता. अध्यक्ष समाजाच्या कर्तव्यापर्यंत आले तेव्हा पहिल्या रांगेतून धाकटीने जोरात टाळ्या वाजवल्या. तिला टाळ्या आवडायच्या. लोकांना वाटलं भाषण संपलं, सगळ्यांनीच वाजवल्या. अध्यक्षांनी कागदाकडे बघितलं, आणि ते खाली बसले. यांनी मान खाली घातली होती. मला वाटलं शरमले. जवळ जाऊन पाहिलं तर तोंडाला रुमाल लावून हसत होते.