दादाचं निळं पाणी

फोन आला तेव्हा मी मावल्याच्या शाळेत नववीच्या वर्गावर होते. साखर वाढून दादा बेशुद्ध पडला आणि तामसीहून आदिलाबादच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. माझा थोरला भाऊ, साधा कारकून, कधी खोटं न बोलणारा... असं मी आपली समजत होते.

त्याच्याकडे बिजाच्या लाकडाचा एक पेला होता. रात्री त्यात बोअरचं पाणी भरून ठेवायचं आणि सकाळी काचेच्या ग्लासात ओतून प्यायचं, साखरेवरचं औषध म्हणून. खिडकीसमोर धरलं की ते पाणी मधासारखं दिसे. अंगणात उन्हात, मागे काळी छत्री ठेवून पाहिलं की निळं झळके. "सुमे, पाह्य वं! अवषध जित्तं हाय!" मी विज्ञानाची शिक्षिका. त्याला समजावलं, लाकडातलं द्रव्य उन्हातला आपल्याला न दिसणारा उजेड घेतं आणि निळा करून परत देतं. "रंग लाकडाचा हाय दादा, तुया साखरेशी त्याचं काई नातं नाई. गोळ्या सोडू नोको." "हाव ना, घेऊन राह्यलो," तो हसून म्हणायचा. दर भेटीत हेच. सख्ख्या भावाची झडती कोण घेतं?

तो गेल्यावर लोक भेटायला बसले होते, त्यांच्यादेखत वहिनींनी विचारलं, "बाई, तुमी काऊन त्याईले गोळ्या बंद कराले सांगतलं?" मला काही उमगेना. वहिनी म्हणाल्या, "तेच म्हनत, सुमी सायन्सची म्याडम हाय, तिनंच पानी तपासलं, आता गोळ्यायची गरज नाई." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला हट्टानं शिकवलं ते यानंच, आणि माझ्याच शिक्षणाची ढाल करून बायकोचं तोंड बंद केलं तेही यानंच! विश्वासघात म्हणतात तो हाच. भांडायला माणूस समोर नाही, हे त्याहून वाईट.

परवा गेले तर वहिनींनी दादाच्या फोटोपुढे तोच पेला भरून ठेवलेला. रोज ठेवतात म्हणे. त्या दिवशी लोकांसमोर दादाला खोटं पाडवलं नव्हतं, पण या खेपेला मी खरं सांगायचंच ठरवून गेले होते. पण चहा देताना त्याच म्हणाल्या, "जाऊ द्या बाई. तुमी भल्यासाठीच सांगतलं असन. मी माफ केलं तुमाले. आमचे हे तं कदी खोटं बोलले नाईत, तुमच्यावर भरोसा ठेवला त्याईनं."

खरं अगदी जिभेवर आलं होतं...

"चुकलं माझं, वहिनी," मी म्हणाले. आणि बसस्टँडपर्यंत दादाला मनातल्या मनात शिव्या घालत गेले.